खुर्चीवरचा स्वेटर

बाबांना तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार माणसं लागली आणि पाचवा सूचना द्यायला. पाचवे अर्थात श्रीधरराव, करड्यांचे जावई. सोसायटीची लिफ्ट संक्रांतीपासून बंद होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, छातीवरून चादर बांधून मुलगा आमोद, वॉचमन आणि दोन शेजारी बाबांना वर नेत होते. श्रीधरराव दोन पायऱ्या पुढे राहून सांगत होते, "सावकाश. कोपरा आहे. कोपऱ्यात सायकल आहे. ती कोणाची आहे ते मला माहीत आहे, पण आत्ता नको."

आमोदच्या आई सुहासिनीबाई सगळ्यांच्या मागून, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येत होत्या. त्यांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, फक्त तो अजून मंजूर झालेला नव्हता.

झटका येऊन दोन आठवडे होत आले होते. बाबांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. समजतं मात्र सगळं, असं डॉक्टर दोनदा म्हणाले होते. घरातल्या माणसांनी ते दोन्ही वेळा ऐकलं आणि विसरून टाकलं. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं आपण उगाचच धरून चालतो. बाळ करडे, वय सहासष्ट. कसब्यात तांब्याच्या ठोकठोकीत जन्माला येऊन, वडिलांचा हातोडा बाजूला ठेवून हडपसरच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस. आता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि बाहेर हॉलमध्ये त्याचं काय करायचं यावर बैठक बसली होती.

डॉक्टरांनी सोडताना बजावलं होतं. पहिले तीन महिने जे परत येईल ते येईल. रोज उठवायचं, उभं करायचं, चालवायचं, बोलायला लावायचं. आळस केलात तर माणूस कायमचा अंथरुणात. आणि हे उचलायचं काम आईंच्याने होणार नाही, तो विचारही करू नका.

"नर्सिंग ब्यूरोचा माणूस?" भाग्यश्रीने विचारलं. आमोदची मोठी बहीण, येरवड्याहून सकाळीच मसालेभाताचा डबा घेऊन आली होती.

"दोन झाले हॉस्पिटलात," आमोद म्हणाला. "पहिल्याला बाबांनी ढकलून दिलं. दुसऱ्याच्या अंगावर पाण्याचा मग. तिसरा पाठवणार नाही म्हणाले."

"म्हणजे डावा हात उत्तम चालतो," श्रीधरराव म्हणाले.

"अहो!"

"चांगली गोष्ट आहे, असं म्हणतोय मी."

आमोदची बायको तनया चहाचा ट्रे घेऊन आली. ही बैठक कुठे जाणार हे तिला हॉस्पिटलच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून सगळे 'कुणीतरी' म्हणत होते. कुणीतरी घरी राहायला हवं. कुणीतरी आपलं माणूस हवं. आणि कुणीतरी म्हणताना प्रत्येकाची नजर जिथे जाऊन थांबायची, तिथे नेमकी ती उभी असायची. आत्ताही होतीच, हातात पाच कप घेऊन.

"मी स्पष्ट बोलते," भाग्यश्री म्हणाली. या घरात हे वाक्य ऐकलं की लोक कप खाली ठेवत. "तनयाची मुलगी वर्षाची आहे. तिला पाळणाघरात टाकून ही ऑफिसात जाते. त्यापेक्षा घरी राहिली तर मुलीचंही होईल आणि बाबांचंही. नोकरी काय, दोन वर्षांनी दुसरी मिळेल."

"कुठे मिळेल, ताई?" तनयाने विचारलं. आवाज चढू नये म्हणून ती हळू बोलत होती, आणि त्यामुळेच तो जास्त कापत होता. "पेपर वाचताय ना तुम्ही? माणसं काढतायत सगळीकडे. बाळंतपणाची रजा संपवून परत गेले तर तीन महिने मला कामच दिलं नव्हतं. रोज जायचं, खुर्चीत बसायचं, कँटीनमध्ये जाऊन यायचं. आत्ता कुठे प्रोजेक्ट मिळालाय. पुढच्या महिन्यात टीम लीड करतायत मला."

"मग काय, बाबांनी तू टीम लीड होईपर्यंत थांबायचं?"

तनयाने आमोदकडे पाहिलं. आमोद मोबाइलकडे पाहत होता. मोबाइल बंद होता. भाग्यश्रीच्या बोलण्यापेक्षा तनयाला ते बंद मोबाइलकडे बघणं लागलं. लग्नाला पाच वर्षं झाली, पण नवऱ्याची इतकी चीड तिला कधी आली नव्हती.

श्रीधररावांनी बशीत चहा ओतला. ते बँकेत होते आणि कोणत्याही बैठकीत बँकेच्याच वेगाने बोलत. "एक बारीकशी माहिती. भाग्यश्रीला दोन वर्षांची रजा आहे."

"कसली?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"केंद्र सरकारने नवीन काढली आहे. त्यांच्या नोकरीतल्या बायकांसाठी. मुलांच्या संगोपनाला. पगारी."

"ती मी अभिनवच्या दहावीसाठी मागितली आहे," भाग्यश्री म्हणाली. "मार्चमध्ये परीक्षा आहे त्याची. माहीत आहे ना तुम्हाला, का तेही सांगायचं?"

"अभिनव परीक्षेला बसेल. तू रजेवर बसशील. कुठे बसतेस, ते बघायला दिल्लीहून कोणी येत नाही."

"म्हणजे मी खोटं सांगू?"

"ताई, खरं तर," आमोदने पहिल्यांदा तोंड उघडलं, "दीड महिना जरी झालं तरी..."

"अरे वा! आता वाचा फुटली?" भाग्यश्री त्याच्याकडे वळली. "इतका वेळ बायकोवर आलं होतं तेव्हा गप्प होतास. आता बहिणीवर आलं तर लगेच दीड महिना?"

ती रागावली होती तेवढीच दुखावलीही गेली होती. शुक्रवारीच तिने साहेबांना विचारलं होतं, मुलांसाठी मिळते तशी वडिलांसाठी नाही का मिळत? साहेब भला माणूस. त्यांनी नियमांचं पुस्तक काढून तिच्यासमोर पानं उलटली आणि म्हणाले, "मॅडम, यात मुलं आहेत. आईवडील नाहीत." हे घरी सांगायची तिला लाज वाटत होती, कारण विचारलं म्हणजे मनात होतं, आणि मनात होतं तर मग कर की, असं कोणीतरी म्हटलं असतं. मुलगी लग्न होऊन गेली की माहेरची नाही, आणि उस्तवार करायची वेळ आली की माहेरचीच, हा हिशेब तिला कधी जमला नाही.

"माझी साठलेली रजा आहे, ती मी देते," ती शेवटी म्हणाली. "तीन आठवडे. पण परीक्षा संपल्यावर, एप्रिलात. त्याच्या आधी नाही. मला कोणी वाईट म्हटलं तरी चालेल."

"कोणी म्हणत नाहीये," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"म्हणत नाहीत, पण बघतात."

तनयाला तेव्हा नणंदेबद्दल अचानक बरं वाटलं. बघतात म्हणजे काय, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिने भाग्यश्रीच्या कपात उरलेला चहा ओतला आणि मग, कपाकडेच बघत, म्हणाली, "आमोद, तुझ्या कंपनीत आहे ना ती रजा? घरात कोणी आजारी असलं तर? शंभूने घेतली होती, ती."

आतमध्ये पलंग एकदा कुरकुरला.

"म्हणजे रजा आहे?" भाग्यश्रीने विचारलं. "आणि तू इतका वेळ आमच्या रजा मोजत बसलास?"

"आहे," आमोद म्हणाला. "बिनपगारी. तीन महिने. नोकरी राहते, असं पॉलिसीत लिहिलंय."

"मग?"

"मग शंभू राहिला का, ते विचार."

शंभू चंद्रपूरकडचा. आमोदच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा, डब्यातला ठेचा सगळ्यांना खायला लावायचा आणि रडवायचा. दिवाळीआधी त्याची आई आजारी पडली. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्याने ती रजा घेतली, रीतसर, मॅनेजरने पाठीवर हात ठेवून दिली. परत आला तेव्हा नोकरी होती. खुर्ची नव्हती. प्रोजेक्टवर दुसऱ्याला घेतलं होतं, क्लायंटला थांबता येत नाही. शंभूचा मग आणि जॅकेट एका खोक्यात घालून रिसेप्शनला ठेवलेलं. त्याला बेंचवर बसवलं. बेंच म्हणजे नोकरी आहे पण काम नाही. आणि मंदीत कंपनी पहिल्यांदा बेंचकडे बघते.

"रजा घेतली म्हणून काढलं असं कोणी म्हणालं नाही," आमोद म्हणाला. "कामगिरी कमी पडली म्हणाले. तीन महिने जो नव्हताच, त्याची कामगिरी कमी पडणारच ना? राजीनामा दे म्हणाले, त्याने दिला. आत्ता चंद्रपूरला आहे. घराचे हप्ते आम्हाला आहेत, ताई. दोघांचे पगार लागतात त्याला. म्हणून गप्प होतो."

"पण कायदा नाही का काही?" भाग्यश्रीने विचारलं.

"आहे की," श्रीधरराव म्हणाले. "तो स्वतः आजारी पडला तर थोडाफार आहे. बाई बाळंत झाली तर आहे. कायद्यात बाप आजारी पडत नाही."

या वेळी "अहो" कोणी म्हणालं नाही.

"बाबांची बघा," भाग्यश्री पुटपुटली. "पगार तो केवढा, पण दहा महिने नोकरी राहिली होती."

ही गोष्ट करड्यांच्या घरात दर दिवाळीला सांगितली जायची. बाबांना क्षय झाला, औंधच्या दवाखान्यात दहा महिने ठेवलं. कारखान्याच्या कामगारांना विमा होता. आजारी माणसाला कामावरून काढता येत नसे. तो झाला कायदा. पण कायद्याच्या वर मशीनशॉपमधली एक रीत होती. आजारी माणसाच्या मशीनवर बदली माणूस काम करायचा, पण त्या मशीनच्या दांड्याला आजाऱ्याचा एप्रन टांगलेला असायचा. पाळी सुरू होताना टांगायचा, सुटताना घडी करून ठेवायचा. एप्रन आहे तोवर मशीन त्याचं. बाबांचा एप्रन दहा महिने गेनबाने टांगला. मध्ये एकदा नवीन साहेबाने तो काढून फेकला, तर गेनबाने उचलून, झटकून, साहेबासमोर पुन्हा टांगला आणि म्हणाला, "मालक येनार हाय त्याचा." बाबा हे सांगताना गेनबाचा आवाज काढत. गेनबा जाऊन पाच वर्षं झाली, तरी काढत.

"ते दिवस वेगळे होते," आमोद म्हणाला. "युनियन होती. गेनबा होता."

"आणि मी होते," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"हो गं आई, तू तर होतीसच."

"तसं नाही. नोकरीला होते, असं म्हणतेय."

त्या इतका वेळ सोफ्याच्या कडेला, दमून, पदराने चष्मा पुसत बसल्या होत्या. दोन आठवडे हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढून त्यांचा चेहरा उतरला होता. आताही आवाज चढवायचं त्राण त्यांच्यात नव्हतं, म्हणून सगळ्यांना पुढे झुकून ऐकावं लागलं.

"टेलिफोन एक्स्चेंजला होते मी. तात्पुरती. वर्ष संपलं की कायम करणार होते, तीन मुलींची नावं लागली होती, त्यात माझं पहिलं. तेवढ्यात हे पडले. भाग्यश्री पाच वर्षांची. रोज कसब्यातून औंधला डबा न्यायचा, कपडे उकळायचे, अंडी-दूध बघायचं. मी रजा मागितली. आमच्या वरच्या बाई म्हणाल्या, आजारी कोण, तुम्ही का? म्हटलं, नाही, मिस्टर. तर म्हणाल्या, रजा आजाऱ्याला असते. उस्तवार करणाऱ्याला नसते."

"पण आई," भाग्यश्री म्हणाली, "तू तर नेहमी सांगतेस, कान दुखायचे, कंटाळा आला, म्हणून सोडली."

"ह्यांना तसंच सांगितलं मी. थुंकीतून रक्त पडत होतं त्यांच्या. त्यात हे कुठे सांगू, की तुमच्यापायी माझी नोकरी गेली? बरे झाले की सांगू म्हटलं. मग बरे झाले. मग गेनबाची गोष्ट सुरू झाली. सगळे इतके खूश होते त्या गोष्टीवर, की मध्ये कुठे घालू माझं? राहून गेलं. पस्तीस वर्षं राहून गेलं."

"आई..."

"ह्यांचा एप्रन टांगायला गेनबा होता. माझा हेडफोन त्याच दुपारी दुसरीच्या डोक्यावर गेला." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तनयाकडे पाहिलं. "म्हणून तनया राजीनामा देणार नाही. या घरात एकीने दिलाय. पुरे झालं."

तनया पुढच्या तीन वाक्यांची तयारी करून उभी होती. सासूबाई काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणायचं, हे तिने किती रात्री घोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य लागलं नाही. तिला रडू आलं आणि आपण रडतोय याचाही कंटाळा आला, म्हणून ती ट्रे घेऊन आत गेली.

"म्हणजे मी," आमोद म्हणाला.

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"घेतलंस, आई."

"मग घेतलं," सुहासिनीबाई म्हणाल्या.

श्रीधरराव खाली गेले ते सायकलीचा विषय काढायला, असं म्हणाले. खरं म्हणजे त्यांना कोणाच्या डोळ्यांकडे बघायचं नव्हतं. सुहासिनीबाई आतल्या खोलीत गेल्या. दार अर्धं उघडंच होतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. बाबा अजून भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे मिटलेले होते, पण श्वास झोपेतल्यासारखा नव्हता. त्यांनी पांघरूण नीट केलं आणि बाहेर आल्या.

सोमवारी आमोदने रजा मागितली. मॅनेजर त्या आठवड्यात बंगळुरूला होता, फोनवर बोलला, आणि फार चांगलं बोलला. "फॅमिली फर्स्ट, आमोद. बाबांकडे बघ. तुझी नोकरी कुठे जात नाही."

"आणि प्रोजेक्ट?"

"ते आल्यावर बघू ना आपण. आत्ता त्याचं टेन्शन घेऊ नकोस."

आमोदने टेन्शन घेतलं नाही. ते आधीच होतं. मॅनेजरचा आवाज खोटा नव्हता. शंभूच्या पाठीवर हात ठेवला होता तेव्हाही नसेल. पण दुपारच्या कॉलची यादी आली तेव्हा तिच्यात आपलं नाव नाही, हे त्याला दिसलं. त्याने ड्रॉवर रिकामा केला. एसीत घालायचा करडा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता. तो काढला, बॅगेत कोंबला, आणि पुन्हा बाहेर काढला.

"पूर्णिमा," त्याने पलीकडच्या मुलीला हाक मारली. नुकतीच लागलेली, टीममधली सगळ्यात नवी. "एवढा स्वेटर राहू दे इथे. खुर्चीवर. कोणी काढला तर परत टाक."

"सर, म्हणजे... तुम्हाला लागणार नाही का?"

"येणार आहे मी परत."

तिने आधी हसून पाहिलं, मग त्याचा चेहरा बघून हसणं आवरलं. "ओके सर. कोणी टच करणार नाही. प्रॉमिस."

घरी येऊन त्याने बाबांना ते सांगितलं. गोष्ट सांगायची म्हणून नाही; दुसरं काय बोलावं ते सुचेना म्हणून. बाबांना पलंगाच्या कडेला बसवून, त्यांच्या काखेत हात घालून, तो त्यांच्या कानाशी म्हणाला, "स्वेटर टांगून आलोय, बाबा. खुर्चीवर. गेनबा पण नेमलाय एक. पोरगी आहे, पण गेनबाच." बाबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. उजवी हलली नाही, पण ते हसले, याबद्दल आमोदला शंका नव्हती.

मग ते रोजचंच झालं. सकाळी मालिश, मग उभं राहणं, मग खुर्ची धरून दारापर्यंत. बाप अंगावर रेलला की त्याचं वजन किती असतं, हे आमोदला कळलं. बाबा चिडत, डाव्या हाताने चापट मारत, एकदा तर चावले. आमोदही एकदा ओरडला आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. तनया आठ वाजता यायची. पायातून चप्पल काढायच्या आधी विचारायची, "आज किती चालले?" ती टीम लीड झाली होती. पेढे आणले होते, आणि ते फार आवाज न करता खाल्ले गेले.

आणि संध्याकाळी, व्यायाम संपला की, बोलायचा सराव. बाबा ओठ जुळवत, गळ्याच्या शिरा ताणत, आणि बऱ्याच वेळाने एकच शब्द काढत.

"शे...तल?"

"खुर्चीवर आहे, बाबा."

"शेटल?"

"खुर्चीवर. गेनबा बघतोय."

मार्च संपत आला तेव्हा दारावरची बेल वाजली. सुहासिनीबाईंनी उघडलं. बाहेर एक मुलगी होती, घामाघूम, जिने चढून आलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"आमोद सर आहेत? मी पूर्णिमा."

आमोद आतून आला. पिशवी बघितली आणि काही विचारलं नाही.

"सर, सॉरी," मुलगी म्हणाली. "मी रोज टाकत होते. खरंच, रोज. हाउसकीपिंगवाले काढायचे, मी परत टाकायचे. पण आता तिथे नवीन कोणीतरी जॉइन झालं. ॲडमिनवाले म्हणाले, सीट त्यांची आहे. मी भांडले पण, सर. मला म्हणाले, तू तुझं बघ." तिचे डोळे भरून आले होते. "म्हटलं खोक्यात जाण्यापेक्षा मीच आणून द्यावा."

"पाणी पी आधी," सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि तिला जबरदस्तीने बसवून पाणी दिलं, लाडू दिला. आमोद म्हणाला, "तू केलंस ते खूप केलंस गं," आणि त्याला ते मनापासून वाटलं. ती गेल्यावर त्याने पिशवीची गाठ सोडली नाही. सुहासिनीबाईंनीच ती घेतली आणि कपाटात, बाबांच्या धोतरांच्या खाली सरकवली.

"आई, त्यांना सांगू नकोस."

"मी कशाला सांगतेय?"

"नोकरी आहे अजून. फक्त..."

"माहीत आहे मला, फक्त काय ते." आतल्या खोलीचं दार आजही अर्धं उघडंच होतं.

संध्याकाळी बाबा दारापर्यंत जाऊन परत आले, खुर्ची न धरता, नुसत्या आमोदच्या दंडावर. इतकं चांगलं त्यांना अजून जमलं नव्हतं. पलंगावर बसून ते धापा टाकत होते आणि खूश होते. तनया नुकतीच आली होती, दारात बॅग घेऊन उभी होती. बाबांनी ओठ जुळवले.

"शेटल?"

आमोद वाकून बाबांच्या पायातले मोजे सारखे करू लागला.

"खुर्चीवरच आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "कुठे जातोय? गेनबा बघतोय की."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, जबडा हलला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, आणि शब्द बाहेर पडला. इतक्या दिवसांतला पहिला शब्द, जो कोणाला ओळखावा लागला नाही.

"खोटं."

आमोदचा हात मोज्यावर थांबला. सुहासिनीबाईंनी पदर सावरला. त्यांना ओरडून आनंद व्हायला हवा होता, डॉक्टरांना फोन करायला हवा होता. त्यांना आठवलं ते बैठकीच्या दिवशीचं अर्धं उघडं दार. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि अगदी हळू, जणू खोलीत दुसरं कोणी नाही असं, विचारलं, "कुठलं?"

बाबांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली.